पात्र तुझं, जग माझं : गेम मास्टरच्या 'नाही'मागचं विज्ञान

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली बाजारात आला तेव्हा त्याच्या नियमांत एक फार दिलदार मुभा होती. खेळाडूला जवळजवळ काहीही बनता येईल, फक्त सुरुवात दुबळेपणापासून करायची. कुणाला ड्रॅगनच व्हायचं असेल तर त्याने कोवळ्या वयाचा ड्रॅगन म्हणून यावं आणि हळूहळू वाढावं, असं उदाहरणही तिथे दिलेलं होतं. पाचच वर्षांनी, १९७९ साली, खेळाच्या दोन जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्स यांनी गेम मास्टरसाठी जे मार्गदर्शक लिहिलं त्यात सूर पार बदलला होता. राक्षस किंवा ड्रॅगन होऊ पाहणाऱ्या खेळाडूला मुख्यतः सोबत्यांवर वरचढ व्हायचं असतं, म्हणून अशा मागणीला उत्तेजन देऊ नये, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे 'हे पात्र मला हवंय' आणि 'ते माझ्या जगात बसत नाही' हा वाद जवळपास खेळाइतकाच जुना आहे.

ज्यांनी हे रोलप्लेइंग खेळ खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण गेम मास्टर होतो. तो जग रचतो, शत्रू चालवतो आणि निकाल देतो. बाकीचे खेळाडू एकेक पात्र घेऊन त्या जगात वावरतात. पात्र घडवताना जमात, वर्ग (म्हणजे योद्धा, जादूगार असा पात्राचा पेशा), जादू, शस्त्रं, विशेष कौशल्यं असे शेकडो पर्याय समोर असतात. अधिकृत पुस्तकांतले असतात आणि चाहत्यांनी घरी रचलेले, ज्यांना होमब्रू म्हणतात, तेही असतात. गेम मास्टर यातलं काही नाकारू शकतो. वाद पेटतो तो इथे, आणि खेळ सुरू होण्याआधीच कितीतरी गट यावर फुटतात. मला हे फार वाईट वाटतं, कारण माणसं निर्णय कसे स्वीकारतात आणि कसे झिडकारतात यावर मानसशास्त्राने गेल्या पन्नास वर्षांत जे काम केलं आहे, ते इथे थेट उपयोगी पडतं.

आधी गणित पाहू. गेम मास्टरचं नेहमीचं कारण असतं, 'यानं खेळाचा तोल जाईल.' हे विधान बऱ्याच अंशी तपासता येतं. पात्राची कृती जमली की फसली हे वीस बाजूंचा फासा टाकून ठरतं: ठरावीक अंक किंवा त्याहून मोठा पडला की यश. या फाशावर प्रत्येक अंक पडण्याची शक्यता ५ टक्के, त्यामुळे अधिक एकचा फायदा म्हणजे यशाच्या शक्यतेत साधारण ५ टक्क्यांची भर. दोन फासे टाकून मोठा अंक घ्यायची सवलत जास्त फसवी आहे. ११ किंवा त्याहून जास्त हवे असतील तर यशाची शक्यता ५० वरून थेट ७५ टक्क्यांवर जाते, पण फक्त २०च चालणार असेल तर ती ५ वरून ९.७५ टक्क्यांवरच पोचते. तोच पर्याय एका प्रसंगी जबरदस्त, दुसऱ्या प्रसंगी किरकोळ. पर्याय वाचून 'हे अति आहे' असं जे चटकन वाटतं, ते म्हणूनच अनेकदा चुकतं. आधी कागदावर दोन-चार लढायांचा हिशेब करून पाहावा.

मात्र ताकद मोजायची कशाच्या तुलनेत, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. गेम मास्टरकडे राक्षसांचा तुटवडा कधीच नसतो. सगळीच पात्रं बलवान झाली तर तो शत्रू बलवान करतो आणि खेळ तसाच रंगतो. अडचण येते ती पात्रापात्रांत फार अंतर पडलं की. सर्वांत तगड्या पात्राला घाम फोडेल असा शत्रू आणावा, तर तो बाकीच्यांना एका फटक्यात मारतो. बाकीच्यांना झेपेल असा आणावा, तर एकटा सगळी लढाई उरकतो आणि इतर बघत बसतात. तोल म्हणजे सोबत्यांमधला तोल. गायगॅक्स यांचा १९७९चा आक्षेपही नीट पाहिला तर सोबत्यांवर वरचढ होण्यालाच होता.

दुसरा एक प्रकार आकड्यांत दिसतच नाही. काही पर्याय यशाची शक्यता वाढवतात, तर काही पर्याय अडचणच पुसून टाकतात. पहिल्याच पातळीपासून (पात्र अनुभवाने पातळी-पातळीने वाढतं) उडू शकणारी जमात हे याचं ठळक उदाहरण आहे. दरी, तटबंदी, पूर आलेली नदी, फक्त पंज्याने लढणारी श्वापदं, हे सगळं उडणाऱ्या धनुर्धराच्या पायाखालून निघून जातं. ज्या गेम मास्टरने पुढची सहा सत्रं एका दुर्गम किल्ल्याभोवती रचली आहेत, त्याला ही मागणी ऐकून धसका बसणं स्वाभाविक आहे.

पण तो किल्ला खेळाडूला दिसत नाही. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली स्टॅनफर्डमध्ये केलेला एक प्रयोग इथे आठवतो. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल चालू असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. 'तोल जाईल' हे वाक्य खेळाडूला असंच ऐकू येतं. किल्ला, दरी, तिथे अडकलेला राजपुत्र हे सारं गेम मास्टरच्या डोक्यात आहे. खेळाडूच्या वाट्याला फक्त नकार येतो. कथेचं रहस्य न फोडताही इतकं सांगता येतं: 'पहिल्या टप्प्यात चढणं आणि ओलांडणं यावर बरंच काही बेतलेलं आहे.'

आता खेळाडूची बाजू. तो मागणी घेऊन येतो तेव्हा पात्र त्याच्या मनात कधीचं जगायला लागलेलं असतं. डॅनियल काहनमन, जॅक नेत्श आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग नुसते वाटले होते. ज्यांना मग मिळाला त्यांनी तो विकायला जी किंमत मागितली, ती मग नसलेले द्यायला तयार होते त्याच्या दुपटीहून अधिक होती. यामागच्या कारणांबद्दल अर्थशास्त्रज्ञांत अजून वाद आहेत, पण आपल्या झालेल्या वस्तूचं मोल वाढतं हे अनेकदा दिसलं आहे. त्याहून नेमकं म्हणजे, जोआन पेक आणि सुझान शू यांना २००९ साली असं आढळलं की वस्तू आपली आहे अशी नुसती कल्पना केली तरी मालकीची भावना वाढते. पात्र तर कल्पनेचंच असतं. त्यात स्वतः घडवण्याचा जिव्हाळा मिसळतो. मायकेल नॉर्टन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवलं की लोक स्वतः जोडलेल्या खोक्यांना आणि स्वतः दुमडलेल्या कागदी आकृत्यांना जास्त मोल देतात, फक्त ते काम पुरं झालेलं हवं. अर्धवट राहिलेल्या कामाला तो जिव्हाळा चिकटत नाही.

यातून एक सरळ गोष्ट निघते: नकार द्यायचाच असेल तर तो पात्र पुरं होण्याआधी द्यावा. चित्र काढून, तीन पानी पूर्वकथा लिहून, नाव ठेवून आलेल्या खेळाडूला 'ही जमात चालणार नाही' असं सांगणं म्हणजे त्याच्या हातातलं काही काढून घेणं आहे. तेच आठवडाभर आधी सांगितलं असतं तर ती निव्वळ माहिती झाली असती. मोहिमेआधी, म्हणजे अनेक सत्रं चालणारी कथा सुरू होण्याआधी, एकत्र बसून जगाचा बाज, चालणारे पर्याय आणि मर्यादा ठरवायच्या, या बैठकीला खेळाडू 'सेशन झीरो' म्हणतात. माझ्या मते तिचं सर्वांत मोठं काम हेच आहे. मन गुंतण्याआधी सीमा कळणं.

तरीही प्रत्येक मागणी आधी ओळखता येत नाही. मग निर्णय कसा द्यायचा? १९९० सालीच ॲलन लिंड, रूथ कॅन्फर आणि क्रिस्टोफर अर्ली यांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक काम आणि त्याचं लक्ष्य ठरवून दिलं गेलं. काहींना लक्ष्य ठरण्याआधी मत मांडू दिलं, काहींना ठरून गेल्यावर मांडू दिलं, काहींना बोलूच दिलं नाही. आधी बोललेल्यांना प्रक्रिया सर्वांत न्याय्य वाटली, यात नवल नाही. पण निर्णय झाल्यावर बोललेल्यांनाही, म्हणजे ज्यांच्या बोलण्याने काहीच बदलणार नव्हतं त्यांनाही, ती गप्प बसवलेल्यांपेक्षा अधिक न्याय्य वाटली. आपलं ऐकलं गेलं याला स्वतंत्र किंमत आहे. अर्थात कुणी याचा डाव म्हणून वापर करू नये. आधीच ठरवलेल्या निर्णयावर ऐकण्याचं नाटक केलं की ते कळतं, आणि मग पुढचा प्रत्येक निकाल संशयाने पाहिला जातो.

कारण देण्याबद्दलही एक प्रसिद्ध प्रयोग आहे, ज्याचा अर्धाच भाग सांगितला जातो. १९७८ साली एलेन लँगर आणि सहकाऱ्यांनी फोटोकॉपी यंत्रापाशी रांगेत घुसू द्यायची विनंती करून पाहिली. पाच पानांसाठी नुसतं विचारलं तर ६० टक्के लोक हो म्हणाले. 'कारण मला प्रती काढायच्या आहेत' असं पोकळ कारण जोडलं तर ९३, आणि खरं कारण दिलं तर ९४. यावरून 'कारण' म्हटलं की झालं, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. वीस पानांचं मात्र वेगळं झालं. विनाकारण २४ टक्के, पोकळ कारणाला तेवढेच २४, आणि खऱ्या कारणाला ४२. मोठी गोष्ट मागताना पोकळ कारण चालत नाही, आणि मनाजोगतं पात्र सोडून द्यायला सांगणं ही मोठीच गोष्ट आहे.

खरं कारण पुढे आलं की वादाचं रूपच पालटतं. व्यवस्थापनशास्त्राच्या विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२५ साली ग्रंथालयातला एक साधा प्रसंग सांगितला होता. एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेट यांना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला खोली बंदिस्त नको होती आणि यांना थेट अंगावर येणारा उत्तरेचा वारा नको होता. खिडकी अर्धी उघडली असती तर दोघंही अर्धवट नाराज राहिले असते.

उडणाऱ्या पात्राला हेच लावून पाहा. 'तुला यातलं नेमकं काय आवडलं?' एवढं विचारलं की तीन खेळाडूंकडून तीन उत्तरं येऊ शकतात. एकाला पंखांचं रूप आणि हरवलेल्या आकाशवासी जमातीची कथा हवी असते. त्याला जखमी पंख घेऊन सुरुवात करायला आनंदच होईल, पाचव्या पातळीला उड्डाण परत मिळालं तर त्याच्या कथेला एक वळणच मिळेल. दुसऱ्याला लढाईत सुरक्षित राहायचं असतं, कारण मागच्या मोहिमेत त्याचं पात्र दोनदा मेलं. त्याच्याशी बोलण्याचा विषय पंख नाहीत, गेम मास्टर किती कठोर आहे हा आहे. तिसऱ्याला टेहळणीत गटाचं उपयोगी पडायचं असतं. त्याला पाळीव ससाणा पुरेल. आणि चौथाही एखादा निघतो, ज्याला खरोखरच सगळ्यांवर मात करायची असते. पण गायगॅक्स यांनी गृहीत धरलं तसं तो प्रत्येक वेळी समोर बसलेला असतो, हे मला पटत नाही.

या खेळाच्या जन्मकथेतच एक उत्तम तोडगा सापडतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला खेळाचे दुसरे जनक डेव्ह आर्नेसन यांच्या 'ब्लॅकमूर' मोहिमेत एका खेळाडूचं पात्र व्हँपायर झालं, 'सर फँग' या नावाने गाजलं आणि कुणालाच आवरेना. तेव्हा त्याला शह देणारा, व्हँपायरची शिकार करणारा धर्मयोद्धा दुसऱ्या खेळाडूसाठी रचला गेला. त्यातून पुढे 'क्लेरिक' हा वर्ग घडला, जो १९७४च्या नियमांत तीन मूळ वर्गांपैकी एक होता आणि आजही खेळला जातो. एका डोईजड पात्रावर शोधलेला तोडगा खेळाचा कायमचा भाग झाला.

बाकीच्या खेळाडूंचाही यात वाटा असतो. गेराल्ड लेव्हेंथल यांनी १९८० साली न्याय्य प्रक्रियेचे जे निकष मांडले त्यात सातत्य आहे, आणि निर्णय दुरुस्त करायची वाट मोकळी असणंही आहे. एकाला होमब्रू तलवार दिली आणि दुसरीला अधिकृत पुस्तकातली जादू नाकारली, तर तिचा राग जादूसाठी नसून वेगळ्या मापासाठी असतो. भर सत्रात मात्र या चर्चेचा घोळ घालू नये. तिथे गेम मास्टरने झटकन निकाल द्यावा, सगळ्यांनी तो त्या दिवसापुरता मानावा आणि सत्र संपल्यावर सविस्तर बोलावं. चारचौघांसमोर अडवलेला माणूस मुद्दा सोडून स्वतःचा मान राखायला लागतो. खेळाडूचं तसं होतं, तसंच गेम मास्टरचंही.

दुरुस्तीची वाट आधीच आखलेली बरी. मिळालेली गोष्ट जाण्याचं दुःख ती मिळण्याच्या सुखापेक्षा मोठं असतं, असं काहनमन आणि एमोस ट्व्हर्स्की यांनी १९७९ साली मांडलं. म्हणून शंकास्पद पर्याय देताना 'तीन सत्रं वापरून बघ, मग आपण दोघं बसून ठरवू' असं म्हणून द्यावा, आणि काय पाहायचं तेही तेव्हाच ठरवावं. लढाईत बाकीच्यांना काम उरतं का? एकच युक्ती प्रत्येक प्रसंगाचं उत्तर ठरते का? पर्याय मागे घ्यावा लागला तर खेळाडूला पात्र नव्याने बांधायची पूर्ण मोकळीक द्यावी, कमावलेल्या पातळ्या आणि कथेतलं स्थान जसंच्या तसं ठेवून.

इतकं करूनही काही वेळा जुळत नाही. गेम मास्टरला बंदुका नसलेलं, जादू दुर्मीळ असलेलं जग चालवायचं असतं आणि खेळाडूला बंदूकधारी जादूगारच व्हायचं असतं. गेम मास्टरही तिथे स्वतःच्या आनंदासाठीच बसलेला असतो, प्रत्येक सत्राआधी तासन् तास तयारी करतो, आणि जे जग चालवण्यात त्याला रस नाही ते तो चांगलं चालवू शकणार नाही. अशा वेळी अखेरचा शब्द त्याचाच असावा, असं माझं ठाम मत आहे. खेळाडूने ते पात्र पुढच्या मोहिमेसाठी राखून ठेवावं, किंवा जिथे ते शोभेल असा दुसरा गट शोधावा, आणि गेम मास्टरने त्याला तो शोधायला मदत करावी.