अमेरिकेतील पॅथॉलॉजी रेसिडेन्सी : अर्ज किती तगडा लागतो?

(इंटर्नशिपमधले, एमबीबीएस झालेले आणि एमडी पॅथॉलॉजी केलेले डॉक्टर व त्यांचे पालक यांच्यासाठी माहितीपत्रक)

आपल्याकडे नीट-पीजीच्या काउन्सेलिंगमध्ये पॅथॉलॉजीच्या जागा शेवटच्या फेऱ्यांपर्यंत उरतात. पदव्युत्तर जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून २०२३ मध्ये तर पात्रता शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणली गेली. त्यामुळे ‘पॅथॉलॉजी म्हणजे सहज मिळणारी शाखा’ अशी समजूत घरोघरी आहे आणि तीच समजूत घेऊन अनेक जण अमेरिकेच्या मॅचमध्ये (उमेदवार आणि रुग्णालये यांच्या पसंतीक्रमांवरून रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या, जागा वाटणारी पद्धत) उतरतात. तिथले गणित वेगळे आहे.

जागा किती, रांगेत कोण

मॅचमध्ये दरवर्षी पॅथॉलॉजीच्या सहाशेच्या आसपास जागा असतात. अमेरिकेतल्या एमडी कॉलेजांचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी त्यातल्या निम्म्याहून कमी जागा घेतात. तिथल्या विद्यार्थ्याची तिसऱ्या-चौथ्या वर्षातली बहुतेक पोस्टिंग वॉर्ड, ओपीडी आणि ऑपरेशन थिएटरमध्ये होतात. पॅथॉलॉजी विभागाचे दार तो स्वतःहून ठोठावेल तरच त्याला ती शाखा दिसते. उरलेल्या जागा डीओ (अमेरिकेतलीच ऑस्टिओपॅथिक वैद्यकीय पदवी) पदवीधर आणि परदेशी डॉक्टर भरतात. परदेशी एमबीबीएसला दार उघडे आहे ते एवढ्यामुळेच.

पण हे दार सगळ्यांनाच माहीत आहे. अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांचे सर्व शाखा मिळून मॅच होण्याचे प्रमाण २०२४ आणि २०२५ मध्ये ५८ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे शंभरातल्या चाळीसहून अधिक जणांच्या हाती काही लागले नाही. पॅथॉलॉजीच्या रांगेत तर तुमच्या शेजारी एमडी पॅथॉलॉजी करून तीन वर्षे ब्लॉक आणि स्लाइडमध्ये काढलेला उमेदवार उभा असतो. त्वचारोग किंवा ऑर्थोपेडिक्सइतके गुण इथे लागत नाहीत हे खरे. मात्र ‘ही शाखाच का?’ याचा पुरावा इथे जास्त लागतो.

गुणांचा हिशेब

अमेरिकेत डॉक्टरी परवान्याची परीक्षा (यूएसएमएलई) ‘स्टेप’ नावाच्या टप्प्यांत होते. त्यातल्या स्टेप १ चा निकाल २६ जानेवारी २०२२ पासून फक्त पास किंवा नापास असा लागतो. त्यामुळे आकडा म्हणून नजर जाते ती स्टेप २ सीकेवर (क्लिनिकल नॉलेज). १ जुलै २०२५ पासून त्यात पास होण्यासाठी २१८ लागतात आणि अमेरिकी विद्यार्थ्यांची सरासरी २५० च्या जवळपास असते. अर्जदारांना मार्गदर्शन करताना पॅथॉलॉजीसाठी आम्ही वापरतो ती ढोबळ पट्टी अशी: २४५ च्या वर असाल तर गुणांवर कोणी बोट ठेवणार नाही. २३० ते २४५ मध्ये बाकीचा अर्ज निर्णय ठरवतो. २३० च्या खाली असाल तर पॅथॉलॉजीतला प्रत्यक्ष अनुभव भक्कम असल्याशिवाय पैसे घालू नका. ही पट्टी आमच्या अंदाजाची आहे, कोणत्याही कार्यक्रमाचा (रेसिडेन्सी देणाऱ्या विभागाचा) नियम नव्हे.

एकदा पास झालात की गुण वाढवण्यासाठी पुन्हा बसता येत नाही. सरावाच्या परीक्षेत २२० येत असताना ‘तारीख घेतली आहे’ म्हणून जाऊन २२१ आणणे हे नापास होण्याइतकेच अडचणीचे ठरते, कारण तो आकडा कायमचा चिकटतो. तारीख पुढे ढकलण्याचे शुल्क त्यापुढे किरकोळ आहे. नापासचा शिक्का असेल तर काही कार्यक्रमांच्या चाळणीत अर्ज उघडलाच जात नाही. अशांनी कार्यक्रमांची यादी मोठी आणि नीट निवडलेली ठेवावी.

निकाल यायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. कार्यक्रमांना अर्ज दिसू लागतात ते सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणून सीके जूनअखेर उरकलेली बरी. ऑगस्टचा मध्य ही शेवटची मर्यादा समजा.

पॅथॉलॉजीची ओढ कागदावर कशी दिसते

इथेच बहुतेक अर्ज पडतात. दुसऱ्या वर्षातले डिस्टिंक्शन हा पुरावा नव्हे, ते हजारोंकडे असते. निवड समितीला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: पॅथॉलॉजिस्टचा दिवस कसा जातो हे या माणसाने पाहिले आहे का, आणि पाहूनही त्याला तेच हवे आहे का?

त्यासाठी अमेरिकेत पॅथॉलॉजी विभागातच किमान चार आठवड्यांची एक, जमल्यास दोन ऑब्झर्व्हरशिप (निरीक्षक म्हणून विभागाचे काम पाहणे) करा. इंटर्नल मेडिसिनच्या क्लिनिकमध्ये काढलेले तीन महिने इथे फारसे उपयोगी पडत नाहीत. विभागात गेल्यावर फक्त साइन-आउटला (स्लाइड पाहून अंतिम रिपोर्ट ठरवतात तेव्हा) बहुशीर्ष सूक्ष्मदर्शकापाशी बसून राहू नका. ग्रॉसिंगच्या (शस्त्रक्रियेतून आलेला नमुना पाहून कापण्याच्या) खोलीत उभे राहा, फ्रोझन सेक्शनला (ऑपरेशन चालू असतानाच्या तातडीच्या तपासणीला) सर्जनचा फोन येतो तेव्हा काय बोलले जाते ते ऐका, ट्यूमर बोर्डला (कर्करुग्णांवरच्या डॉक्टरांच्या एकत्रित चर्चेला) जा, ब्लड बँक आणि मायक्रोबायोलॉजीचेही दोन-चार दिवस मागून घ्या. तिथली नेहमीची रेसिडेन्सी चार वर्षांची असते आणि तीत अॅनाटॉमिक (ऊती आणि स्लाइड) व क्लिनिकल (रक्तपेढी, जंतू आदी प्रयोगशाळा) असे दोन्ही भाग असतात. फक्त एकच भाग घेतला तर तीन वर्षे. मुलाखतीत ‘क्लिनिकल पॅथॉलॉजीबद्दल काय वाटते?’ हा प्रश्न येतो आणि फक्त स्लाइड पाहिलेला उमेदवार तिथे गप्प होतो.

अमेरिकेला जाण्याआधी इथेही पुष्कळ करता येते. इंटर्नशिपमधले ऐच्छिक दिवस पॅथॉलॉजीत काढा. आपल्याकडे एफएनएसी (बारीक सुईने पेशी काढून तपासणे) पॅथॉलॉजिस्ट स्वतः करतो. सुई लागण्यापासून स्लाइड रंगवून रिपोर्ट लिहिण्यापर्यंतची साखळी पाहिलेली असेल तर ते अर्जात लिहिण्यासारखे आहे. विभागातली एखादी दुर्मीळ केस घेऊन पोस्टर करा. पाच जणांच्या नावांत आपले नाव घुसवलेल्या तीन पेपरांपेक्षा स्वतः स्लाइड शोधून, फोटो काढून लिहिलेला एक केस रिपोर्ट मुलाखतीत जास्त टिकतो, कारण त्यावर प्रश्न विचारले जातात. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सचे विद्यार्थी सदस्यत्व घ्या. पाथइलेक्टिव्ह या संकेतस्थळाचे ऑनलाइन कोर्स मोफत आहेत. ते करा, पण अनुभवाच्या यादीत वरच्या तीनांत ठेवू नका. अर्जात दहा अनुभव लिहिता येतात आणि त्यातले तीन ‘सर्वांत महत्त्वाचे’ म्हणून निवडायचे असतात. त्या तिन्हीत पॅथॉलॉजी दिसली पाहिजे असे नाही. दोन पुरेत, तिसऱ्यात माणूस दिसू द्या.

आधी इथे एमडी करावे का?

एमडी पॅथॉलॉजीने अर्जाला वजन येते आणि पदवी जुनी झाल्याची अडचण कमी होते. पण अमेरिकेतली चार वर्षे त्याने कमी होतील असे धरून चालू नका. पहिल्या वर्षापासून सुरुवात करण्याची तयारी ठेवा. इथली तीन वर्षे आणि सरकारी कॉलेज असेल तर बंधपत्रित सेवा हेही धरा. शाखा नक्की असेल, पण स्टेपची तयारी कच्ची असेल, तर एमडी करावे. स्टेप झालेल्या आणि गुण बरे असलेल्या नव्या पदवीधराने थांबण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही.

शिफारसपत्रे आणि पर्सनल स्टेटमेंट

एका कार्यक्रमाला चार पत्रे जोडता येतात. किमान दोन पॅथॉलॉजिस्टची हवीत आणि त्यातले एक अमेरिकेतले. पत्र स्वतः वाचण्याचा हक्क उमेदवाराने सोडलेला असावा, नाहीतर त्याला किंमत राहत नाही. हमखास होणारा घोटाळा असा: मेडिसिन आणि पॅथॉलॉजी दोन्हीकडे अर्ज करणारा उमेदवार एकच पत्र दोन्हीकडे जोडतो आणि त्यात ‘हा उत्तम फिजिशियन होईल’ असे वाक्य असते. पॅथॉलॉजीची समिती ते वाचते आणि समजायचे ते समजते. दोन शाखांत अर्ज करायचाच असेल तर पत्रे, स्टेटमेंट, अनुभवांचा क्रम सगळे वेगळे ठेवा. एकाच रुग्णालयाच्या दोन विभागांत अर्ज तर टाळाच.

पर्सनल स्टेटमेंट (ही शाखा का हवी हे सांगणारे स्वतःचे निवेदन) एका पानाचे पुरते. ‘रुग्णांशी बोलायचा कंटाळा’ किंवा ‘कामाचे तास बरे’ ही कारणे मनात असली तरी कागदावर नकोत. पॅथॉलॉजिस्ट दिवसभर सर्जनशी, ऑन्कॉलॉजिस्टशी, तंत्रज्ञांशी बोलत असतो; न बोलणारा माणूस त्यांना नको असतो. दुसऱ्याचे स्टेटमेंट थोडे फिरवून वापरू नका, मजकुरातले साम्य पकडले जाते. आम्ही स्टेटमेंट तपासतो, लिहून देत नाही.

यादी आणि खर्च

२०२५ च्या हंगामात पहिल्या ३० अर्जांना प्रत्येकी ११ डॉलर आणि ३१ व्यापासून प्रत्येकी ३० डॉलर असा दर होता. म्हणजे ८० कार्यक्रमांचे ३३० अधिक १५००, असे १८३० डॉलर. स्टेप १ आणि २ चे शुल्क, प्रत्येकी हजार डॉलरच्या वर, यात धरलेले नाही. दर दरवर्षी बदलतात, भरण्याच्या दिवशी पाहा.

सगळ्यांना अर्ज टाकण्याआधी प्रत्येक कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर व्हिसा, पदवीला झालेली वर्षे आणि परदेशी पदवीधरांचा सध्याच्या रेसिडेंटमधला वाटा या तीन गोष्टी तपासा. आजच्या रेसिडेंटच्या फोटोत एकही परदेशी पदवीधर नसेल तर ते ३० डॉलर वाचवा. सिग्नल (‘तुमचा कार्यक्रम मला विशेष हवा आहे’ असे अर्जातून कळवण्याची सोय) मोजकेच मिळतात. ते नावाजलेल्या विद्यापीठांवर उधळू नका. ऑब्झर्व्हरशिप केलेले ठिकाण आणि तुमच्या ताकदीचे मधले कार्यक्रम यांना द्या.

मुलाखत आणि रँक लिस्ट

मुलाखती ऑक्टोबर ते जानेवारी, बहुतेक ऑनलाइन. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे ऑक्टोबरमध्ये आपले संध्याकाळचे साडेसहा; पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे बदलतात आणि तेच साडेसात होतात. कॅलिफोर्नियाचे नऊ तेव्हा रात्रीचे साडेदहा. घड्याळे बदलतात त्या आठवड्यातली मुलाखत असेल तर वेळ दोनदा तपासा. निमंत्रण आल्यावर स्लॉट भराभर जातात, म्हणून मोबाइलवर सूचना चालू ठेवा.

रँक लिस्टमध्ये (मुलाखतींनंतर द्यायची कार्यक्रमांची पसंतीयादी) क्रम आपल्या खऱ्या आवडीचा लावा. मॅचची पद्धत उमेदवाराची पसंती आधी पाहते, ‘मला कोण घेईल’ असा अंदाज बांधून क्रम लावल्याने फक्त नुकसान होते. जिथे जायचेच नाही ते नाव यादीत घालू नका, कारण मॅचचा निकाल बंधनकारक असतो.

व्हिसा

बहुतेकांना जे-१ (शिक्षण-प्रशिक्षणासाठीचा व्हिसा) मिळतो. त्यासाठी भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाचे पत्र लागते आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची किंवा त्यातून सूट मिळवण्याची अट येते. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) साठी स्टेप ३ आधी पास असावी लागते आणि ती परीक्षा अमेरिकेतच देता येते. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी च्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. तेव्हा सध्या फक्त एच-१बी वर भिस्त ठेवून यादी बनवू नका.

पहिल्या भेटीला येताना

पासपोर्ट, एमबीबीएसच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, इंटर्नशिप पूर्णत्वाचा दाखला, पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी यांच्या प्रती आणा. कायम नोंदणी असलेल्यांना ईसीएफएमजीचा (परदेशी डॉक्टरांना पात्रतेचे प्रमाणपत्र देणारी अमेरिकी संस्था) पहिला पाथवे, म्हणजे प्रमाणपत्राचा मार्ग, उघडा असतो, पण त्यासाठीही ओईटी (इंग्रजीची परीक्षा) द्यावी लागते. सगळ्या कागदांवरचे नाव घरीच शेजारी ठेवून वाचा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचे नाव स्वतःच्या नावाला जोडलेले, लग्नानंतर बदललेले आडनाव एका कागदावर आणि जुने दुसऱ्यावर, असे हमखास निघते. परीक्षेच्या परमिटवरचे नाव पासपोर्टशी जुळले नाही तर केंद्रात आत घेत नाहीत. दुरुस्तीला महिने लागू शकतात, म्हणून फरक आढळला तर भेटीआधीच कळवा.