पाइप कोरडा आहे, म्हणून तो बंदच आहे का?

जुन्या घरात न्हाणीघराच्या मागच्या भिंतीवर एखादा तरी पाइप असा सापडतोच, ज्याचं काम काय हे घरातल्या कुणालाच सांगता येत नाही. दुरुस्ती काढली की प्रश्न येतो: ही लाइन चालू आहे की बंद? बहुतेक जण पाइप ठोकून बघतात, आवाज पोकळ आला की ‘बंद आहे, काढून टाका’ म्हणून मोकळे होतात. पण पाइपात पाणी असणं वेगळं आणि पाइप वापरात असणं वेगळं. टोकाला प्लग मारलेली लाइन वर्षानुवर्षं दाबाच्या पाण्यानं भरलेली राहते, तिचा उपयोग मात्र कुणालाच नसतो. उलट टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाइप वर्षभर कोरडा ठणठणीत असतो आणि ज्या दिवशी टाकीचा फ्लोट अडकतो, त्याच दिवशी कामाला येतो.

सगळ्यात जास्त गफलत होते ती व्हेंट पाइपाबाबत. सांडपाण्याच्या लाइनीतून निघून छताच्या वर उघड्यावर संपणारा हा पाइप. त्यातून पाणी कधी जातच नाही, जाते ती फक्त हवा. प्रत्येक बेसिनखालच्या वाकड्या ट्रॅपमध्ये साधारण 50 मिलिमीटर पाण्याचा थर अडून राहतो आणि गटारातला वायू घरात शिरू देत नाही. वरच्या मजल्यावर बादलीभर पाणी एकदम सोडलं की उभ्या पाइपातून खाली जाणारा लोंढा आपल्यामागे हवेचा दाब कमी करत जातो. व्हेंट उघडा असेल तर वरून हवा आत येते आणि दाब सावरतो. तो बंद केला, तर हवा ट्रॅपमधून ओढली जाते, गटगट आवाज होतो, अडलेलं पाणी खेचलं जातं आणि घरभर दुर्गंधी सुटते. म्हणून छतापर्यंत गेलेला ‘रिकामा’ पाइप कापण्याआधी दहा वेळा विचार करावा.

पिण्याच्या पाण्याची लाइन तपासणं त्या मानानं सोपं. घरातले सगळे नळ बंद करून मीटरमधली छोटी चकती बघायची. ती फिरत असेल, तर पाणी कुठेतरी जातंय: गळती आहे किंवा माहीत नसलेली एखादी लाइन चालू आहे. मग एकेक व्हॉल्व्ह बंद करत जायचं. ज्या व्हॉल्व्हला चकती थांबली, त्याच्या पुढे शोध घ्यायचा. चकती मुळात फिरतच नसेल, तर मात्र एवढंच कळतं की या क्षणी प्रवाह नाही.

दमट हवेत धातूचा पाइप स्वतःच बरंच सांगतो. थंड पाणी वाहत असेल तर पाइपावर घाम धरतो. टी-जोडाशी नीट पाहिलं, तर चालू फाट्यावर थेंब लांबपर्यंत दिसतात. बंद फाट्यावर ते जोडापासून थोड्याच अंतरावर संपतात, कारण पुढचं साचलेलं पाणी खोलीच्या तापमानाला आलेलं असतं. पीव्हीसीवर ही खूण शोधू नये. तांबं पीव्हीसीच्या हजारपटीहून जास्त सहज उष्णता वाहून नेतं, त्यामुळे प्लॅस्टिकच्या पाइपाला आतलं तापमान बाहेर दाखवायला वेळ लागतो. आवाजाचंही तसंच. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपाला आणि मूठ कानाला लावली की धातूच्या पाइपातली पाण्याची सळसळ डॉक्टरांच्या नळीतून छाती ऐकावी तशी ऐकू येते. प्लॅस्टिकमध्ये ती लवकर विरते.

सांडपाण्याच्या लाइनीला रंग हाच खरा साक्षीदार. एका मोरीत खाण्याचा रंग कालवलेलं भरपूर पाणी ओतायचं आणि कोणत्या चेंबरमध्ये रंग येतो ते दुसऱ्यानं बघायचं. मग पुढच्या मोरीत दुसरा रंग. 1877 मध्ये जर्मनीत डॅन्यूब नदीचं जमिनीत मुरणारं पाणी कुठे निघतं हे याच पद्धतीनं शोधलं गेलं. नदीत फ्लुरोसीन नावाचा रंग 10 किलो टाकला, आणि सुमारे अडीच दिवसांनी तिथून 12 किलोमीटरवरच्या आख नदीच्या उगमाचं पाणी हिरवं झालं. घरात एवढा वेळ लागत नाही, पण दहा-पंधरा मिनिटं धीर धरावा, आणि रंग दिसला नाही म्हणून लगेच लाइन बंद ठरवू नये. ती कदाचित भलत्याच चेंबरला जोडलेली असेल.

दोन ठिकाणी प्रयोगाला जागाच नाही. पाइप गॅसचा असण्याची जरा जरी शक्यता असेल, तर त्याला करवत लावू नये. बंद पडलेल्या लाइनीतही गॅस कोंडलेला असू शकतो, म्हणून ते काम गॅस कंपनीच्या माणसाचंच. दुसरं, जुन्या घरांत विजेचं अर्थिंग लोखंडी पाण्याच्या पाइपाला जोडलेलं असायचं. तसा पाइप पाण्याच्या दृष्टीनं बंद असला, तरी तो कापला की घरातली उपकरणं अर्थिंगविना राहतात आणि कापणाऱ्याला झटका बसू शकतो. आधी इलेक्ट्रिशियनला दाखवावं.

लाइन बंद असल्याचं दोन्ही टोकं सापडून पक्कं झालं, की ती भिंतीशी न कापता मुख्य लाइनीच्या टी-जोडाशी कापावी आणि तिथेच प्लग मारावा. भिंतीशी कापली, तर मध्ये उरलेल्या तुकड्यात पाणी साचून राहतं, त्यातला क्लोरीन संपतो आणि 20 ते 45 अंश सेल्सिअस तापमानात लिजिओनेला जिवाणू वाढू शकतात. 1976 मध्ये फिलाडेल्फियातल्या एका अधिवेशनानंतर पसरलेल्या न्यूमोनियामुळे हे जिवाणू पहिल्यांदा ओळखले गेले. वापरातला नळ उघडला की त्या तुकड्यातलं साचलेलं पाणी थोडं थोडं मुख्य प्रवाहात मिसळत राहतं.