टॉमचा आवाज आखूड कसा झाला

टॉम म्हणजे ड्रमसेटमधला मधल्या आकाराचा ड्रम आणि हेड म्हणजे ड्रमच्या तोंडावर ताणून बसवलेला पडदा. कातडी हेड्सचा काळ थोडक्यात उरकता येतो. हवा दमट झाली की वासराच्या कातड्याचा स्वर उतरायचा, कोरड्या हवेत चढायचा. पावसाळ्यात ढोलकीवाल्याची होते तीच तारांबळ. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत पॉलिएस्टर फिल्मची हेड्स बाजारात आली आणि हा त्रास मिटला. पण कातड्याचा मूळचा दबका, मऊ आवाजही गेला. नवं हेड टणटणीत वाजायचं आणि वाजल्यावर बराच वेळ घुमत राहायचं.

१९६० च्या दशकाअखेरीस माइक ड्रमला जवळजवळ चिकटले आणि हे घुमणं खुपू लागलं. एका टॉमचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरायचा. लंडनच्या स्टुडिओंत टॉमवर चहाचे टॉवेल पडले. कुणी टेप चिकटवली, कुणी बेस ड्रममध्ये उशी कोंबली. गंमत म्हणजे तिथल्याच एका जगप्रसिद्ध ड्रमरने १९६९ मध्ये टॉमवर पुन्हा कातडं चढवलं.

१९७० च्या दशकात हा स्टुडिओतला जुगाड थेट हेडमध्येच आला. दुपदरी हेड्स, कडेला आतून दाबलेली हेड्स, मधोमध ठिपक्याची हेड्स. खरा वाद पेटला तो तेलाच्या हेडवरून. दोन पदरांमध्ये तेलाचा पातळ थर. काठी पडली की पदर एकमेकांवर सरकतात आणि तेलाच्या घर्षणात वरचे स्वर आधी मरतात. मूळ स्वर तेवढा राहतो. म्हणून आवाज जाड, ऊबदार आणि लगेच संपणारा. नव्या ड्रमरची कच्ची ट्यूनिंगही त्यात झाकली जाते, हे विरोधकसुद्धा मान्य करतात.

त्यांचा आक्षेप वेगळा आहे आणि मला तो वजनदार वाटतो. टॉवेल गाण्यागणिक काढता येतो, तेल काढता येत नाही. हलक्या हाताचे ठोके गिळले जातात. ड्रमजवळ भरदार वाटणारा आवाज गिटारच्या अँपसमोर, माइकविना, चार रांगांपलीकडे ‘थप’ एवढाच उरतो. त्यात खालची हेड्स काढून टाकायची तेव्हाची फॅशन! मग तर हेडशिवाय घुमायला दुसरं काही शिल्लकच नाही. पण समर्थकांचं उत्तरही पोकळ नव्हतं: रेकॉर्ड ऐकणारा चौथ्या रांगेत बसलेला नसतो.

१९८० च्या दशकात गेट (आवाज आपोआप तोडणारी यंत्रणा) लावलेल्या रिव्हर्बने, म्हणजे कृत्रिम घुमाराने, आवाज मोठा करून मध्येच छाटला आणि वाद मागे पडला. ९० च्या दशकात खोलीचा घुमार पुन्हा आवडू लागला, एकपदरी कोटेड (वरून खरखरीत लेप दिलेली) हेड्स परतली. गेल्या दहा-पंधरा वर्षांत सत्तरचा कोरडा आवाज पुन्हा चालतोय. मात्र आता अनेकजण टॉमवर सैलसर दुपदरी कोटेड हेड घेतात, खाली एकपदरी ठेवतात आणि दाबायचं झालंच तर जुन्या हेडची कापलेली रिंग वर टाकतात. स्टेजवर जाताना ती उचलून बाजूला ठेवता येते.