देवकाला ‘टोटेम’ म्हटलं तेव्हा

देवक बसलं की ते उठेपर्यंत लग्नघराला सोयर-सुतक लागत नाही, हे वेगळं सांगायला नको. पण देवक म्हणजे नेमकं काय, यावर शंभर वर्षं घोळ चालू आहे आणि तो आपण घातलेला नाही.

१९०१ मध्ये ब्रिटिश सरकारने वंश-जातींची पाहणी सुरू केली. मुंबई इलाख्याचे खंड १९२०-२२ मध्ये छापून आले. त्यांत मराठा-कुणब्यांची कळंब, उंबर, मोरपीस, पंचपल्लव अशी देवकं नोंदवली आहेत. ‘एक देवक असेल तर सोयरीक नाही’ हा नियम दिसला आणि देवकावर ‘टोटेम’, म्हणजे कुळचिन्ह, असा शिक्का बसला.

हा शब्द उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे लोकांचा, १७९१ मध्ये इंग्रजी पुस्तकात आलेला. वनस्पती वा प्राणी म्हणजे कुळाचा पूर्वज, ही कल्पना अभ्यासकांनी पुढे त्याला चिकटवली. आपल्याकडे कळंबाचा मान राखतात, पण ‘आम्ही कळंबाचे वंशज’ असं सहसा कुणी म्हणत नाही. पंचपल्लवात तर पाच झाडं. पूर्वज मानायचं कोणाला? शिवाय ब्राह्मणांकडे देवक म्हणून सुपाऱ्यांच्या मातृका (मातृदेवता) आणि अविघ्न कलश मांडतात. तिथे सोयरीक गोत्रावर अडते, देवकावर नाही. म्हणजे शब्द एक, गोष्टी दोन. पाहणीच्या रकान्यात मावली ती एकच.

माझ्या मते चूक भाषांतराची नव्हतीच, प्रश्नाची होती. ‘हे कशात मोडतं?’ असं विचारलं. ‘इथे हे काय करतं?’ असं विचारायला हवं होतं. खुद्द ‘टोटेम’ या कल्पनेची वीण १९१० मध्येच एका निबंधाने उसवली होती, म्हणजे मुंबईचे खंड निघण्याच्या दहा वर्षं आधी. १९६२ मध्ये एका फ्रेंच पुस्तकाने ती जवळपास निकालात काढली. १९७० च्या दशकात प्रतीकांचा अर्थ लावणारं मानवशास्त्र जोरात आलं, तेव्हा कुठे दुसरा प्रश्न रुळला.

तो प्रश्न घेऊन मांडवात उभं राहावं. वाजतगाजत आणलेली हिरवी डहाळी मुहूर्तमेढीला बांधतात, हळदकुंकू वाहतात. त्या क्षणापासून घराचे नेहमीचे नियम थांबतात. भाऊबंदांत कुणी गेलं तरी लग्न अडत नाही.

आता हॉलमध्ये मेढ रोवायला माती नसते, डहाळी कुंडीत उभी करतात. आणि वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर गोत्र, नाडी यांच्या शेजारी ‘देवक’ हा रकाना असतो. तो भरायला पुण्या-मुंबईची मुलं गावी फोन लावतात.