सेल्फ फिरतोय, गाडी मात्र चालू होत नाही

मे महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटाच्या ऐन चढावर आमची पेट्रोल गाडी एकाएकी बंद पडली. सेल्फ दणक्यात फिरायचा, पण इंजिन काही केल्या पकडायचं नाही. मागच्या सीटवर आई उकाड्याने हैराण, बाजूने ट्रक घासून चाललेले. पाऊण तासाने, कोणी हातही न लावता, गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली. दुसऱ्या दिवशी साताऱ्यातल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी एकच विचारलं, “सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलत होता का?”

इंजिनचे मिनिटाचे फेरे दाखवणारा तो काटा शून्यावरच होता. शेजारच्या तापमानाच्या काट्यावर डोळे लावून बसलो होतो, म्हणून तेवढं नक्की आठवत होतं.

सेल्फ म्हणजे बॅटरीवर चालणारी मोटर. ती इंजिनला मिनिटाला दोनशेच्या आसपास फेरे देते. तो जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी बहुधा ठीक आहे. पुढचं काम इंजिनचं. त्याला हवा हवी, पेट्रोल हवं, मिश्रण दाबलं जायला हवं आणि नेमक्या क्षणी ठिणगी पडायला हवी. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. प्रमाण फार बिघडलं की मिश्रण पेटतच नाही.

पेट्रोल येतंय का, हे कानाने कळतं. गाडीतला रेडिओ, पंखा बंद करा आणि किल्ली फक्त ‘ऑन’वर आणा. बटणाची गाडी असेल तर ब्रेकवर किंवा क्लचवर पाय न ठेवता, ‘ऑन’ येईपर्यंत एक-दोनदा बटण दाबा. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक ‘ऊंऽऽ’ ऐकू येतं. टाकीतला पंप पाइपमध्ये दाब तयार करत असतो. एरवी येणारा हा आवाज आज आलाच नाही, तर आधी पंपाचा फ्यूज आणि रिले (पंपाला वीज जोडणारा स्विच) तपासा. म्हणून गाडी धडधाकट असतानाच तो एकदा ऐकून ठेवावा.

सेल्फच्या आवाजातही पुष्कळ काही असतं. नेहमीच्या ‘घुर्र-घुर्र-घुर्र’मधला प्रत्येक ठेका म्हणजे एकेका सिलिंडरमध्ये दाबली जाणारी हवा. ठेका जाऊन मोटर मोकळी, सपाट आणि नेहमीपेक्षा वेगाने फिरू लागली, तर टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा पट्टा, तुटल्याची शंका घ्यावी. मग पुन्हा सेल्फ मारू नये, काही इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. पाण्यातून जाताना बंद पडलेल्या गाडीला तर एकदाही सेल्फ मारू नका, हे कळकळीचं सांगणं आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि टोइंगचे पैसे वाचवताना इंजिनच खोलावं लागतं.

वारंवार सेल्फ मारून पेट्रोलचा वास यायला लागला, म्हणजे गाडी ‘ओव्हर’ झाली, ठिणगी टाकणारे प्लग पेट्रोलने ओले झाले. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत अशा वेळी कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो आणि नुसती हवा आत जाऊन प्लग वाळतात. डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर गाडीने किल्लीतली चिप ओळखलेली नाही. दुसरी किल्ली लावून बघा. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही बघाव्यात.

आता तो काटा. जुन्या फियाट, अँबेसेडर घाटात अशाच बंद पडायच्या. पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ व्हायची, आणि ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकून बसायचे. टाकीतल्या पंपाच्या दाबामुळे आजच्या गाड्यांत हा त्रास क्वचितच होतो. त्यांचा घोटाळा वेगळा. पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याबरोबर, म्हणजे क्रँकशाफ्टबरोबर, एक दातेरी चाक फिरतं. अनेक गाड्यांत त्यावर 60 दातांची जागा असते आणि त्यातले 2 मुद्दाम गाळलेले असतात. बोटाएवढा क्रँक सेन्सर समोरून जाणारे दात मोजतो. ती मोकळी जागा आली की पिस्टन कुठे आहे हे कॉम्प्युटरला समजतं. ठिणगी कधी टाकायची, पेट्रोल कधी सोडायचं, हे त्यावरच ठरतं. सेन्सर गप्प झाला तर कॉम्प्युटरच्या लेखी इंजिन फिरतच नाही. मग तो दोन्ही बंद ठेवतो आणि बऱ्याच गाड्यांत आरपीएमचा काटाही जागचा हलत नाही.

मिस्त्रींनी सेन्सर काढून मीटरला लावला. आमच्या गाडीतल्या सेन्सरच्या आत तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं होतं. गार असताना आठशे ओहमच्या आसपास आकडा दिसत होता. मग त्यांनी घरातून केस वाळवायचा ड्रायर आणून त्यावर धरला. दोनेक मिनिटांनी आकडा थरथरला आणि एकदम ‘ओएल’ झाला, म्हणजे तारेची जोडणी तुटल्याची खूण. तापून प्रसरण पावल्यावर तार आतल्या बारीक चिरेपाशी सुटत होती. ड्रायर बंद करून आम्ही चहा घेतला. कप खाली ठेवेपर्यंत मीटरवर पुन्हा आठशे होते.