मॅक्रोतील ओळमर्यादा (असेंब्ली भाषा)

असेंब्ली भाषेत (यंत्राच्या सूचना संक्षिप्त शब्दांत लिहिण्याच्या भाषेत) एक विधान एका ओळीत बसवण्याचा प्रघात आहे. मॅक्रोला (नाव दिलेल्या सूचनासमूहाला) बोलावताना प्राचले, म्हणजे त्याला पुरवायची मूल्ये, वाढत गेली की ही ओळ अपुरी पडते. विधान पुढच्या ओळीवर नेण्याच्या, किंवा मुळात लांबू न देण्याच्या रीती येथे दिल्या आहेत.

मर्यादेचे मूळ पंचकार्डात, म्हणजे भोके पाडून माहिती नोंदवण्याच्या कार्डात, आहे. आयबीएमचे ८० स्तंभांचे कार्ड १९२८ मध्ये आले. त्यातले ७२ च स्तंभ विधानासाठी का उरले, याविषयी दोन मते आढळतात. कार्डांचा गठ्ठा विस्कटल्यास पुन्हा लावता यावा म्हणून ७३ ते ८० हे स्तंभ क्रमांकांसाठी राखले, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार कारण यंत्रातच होते : आयबीएम ७०४ या संगणकाचा शब्द (एका वेळी हाताळायचा माहितीचा गट) ३६ बिटांचा, कार्डाची एक आडवी रांग दोन शब्दांत वाचली जाई, म्हणून ७२ स्तंभांपुढचे वाचलेच जात नसे. १९५७ च्या फोरट्रान या संगणकभाषेतही हीच चौकट दिसते. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. उरलेल्या जागेत क्रमांक मागाहून आले असावेत.

आयबीएमच्या सिस्टिम/३६० (१९६४) या संगणकांच्या असेंब्लरात (असेंब्ली भाषेचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रणालीत) विधान १ ते ७१ स्तंभांत लिहितात. ७२ व्या स्तंभात कोणतेही चिन्ह असले की विधान पुढे चालू आहे असे धरले जाते, आणि पुढची ओळ १६ व्या स्तंभापासून सुरू करावी लागते. वऱ्हाडातल्या विद्यार्थ्याला हे शेतावरून चटकन समजते : तास (पिकाची ओळ) धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, संपला तरी डवरणी संपत नाही, बैल वळवून पुढचा तास धरायचा. शेरा (वाचणाऱ्यासाठीची टीप, जिच्यातून सूचना होत नाही) लिहिताना एखादे अक्षर सरकून ७२ व्या स्तंभात गेले, तर पुढची स्वतंत्र ओळ आधीच्या विधानाचाच भाग मानली जाते. ही चूक शोधायला फार त्रास देते. आयबीएमचाच पुढील काळातील हाय लेव्हल असेंब्लर सामान्य विधानाला नऊ पुरवणी ओळी देतो. मॅक्रोसाठी मात्र पर्यायी मांडणी आहे : प्रत्येक प्राचल वेगळ्या ओळीवर, त्यापुढे स्वल्पविराम आणि शेरा. वाचनीयतेच्या दृष्टीने हीच मांडणी श्रेयस्कर. प्राचले कंसात घालून उपयादी करणे हाही चांगला उपाय होय.

मॅझम व नॅझम या एक्स८६ (इंटेल ८०८६ च्या घराण्यातील) प्रक्रियकांच्या असेंब्लरांत विधान पुढे नेण्यास ओळीअखेरची उलटी तिरकी रेघ (\) पुरते. शेगावच्या १९८३ पासूनच्या महाविद्यालयासारख्या विदर्भातील संस्थांतून शिकणाऱ्यांची या रेघेशी ओळख बहुधा ८०८६ च्या प्रात्यक्षिकांत होते.

सी-पूर्वप्रक्रियकाच्या (सी भाषेतील मजकूर भाषांतरापूर्वी विस्तारणाऱ्या प्रणालीच्या) मॅक्रोत अडचण उलट असते. तिरकी रेघ सर्व ओळी जोडून एकच ओळ करते, म्हणून प्रत्येक सूचनेनंतर विभाजक द्यावा लागतो. ग्नू असेंब्लरात एक्स८६ साठी तो अर्धविराम आहे. एव्हीआर प्रक्रियकासाठी, म्हणजे आर्डुइनो उनो या छोट्या संगणकपाटीच्या आर३ पर्यंतच्या आवृत्त्यांवरील चिपसाठी, अर्धविरामापासून टीप सुरू होते आणि पुढच्या सूचना निमूटपणे गळतात. तेथे डॉलरचे चिन्ह वापरतात.