पार्श्वभूमी : ऑक्शन हाऊस गेलं, वाद मागे राहिला

अ‍ॅक्शन आरपीजीतली (राक्षस मारत आपलं पात्र बळकट करायच्या व्हिडिओ गेममधली) लूट, म्हणजे मिळणाऱ्या वस्तू, नव्याने आखायची म्हटलं की आज तेच मुद्दे पुढे येतात : ड्रॉप (राक्षसांकडून पडणाऱ्या वस्तू) कमी करा, अफिक्सची (वस्तूवरच्या जादा गुणांची) गिचमिड आवरा, ट्रेड (खेळाडूंमधली देवाणघेवाण) मोकळा करा किंवा बंदच करून टाका. यातल्या बहुतेकांवर २०१२ ते २०१४ या काळात कडाक्याची भांडणं होऊन गेली आहेत.

त्याआधीचं थोडक्यात. १९८० च्या सुमारास ‘रोग’ या खेळाने दर खेळीत वेगळ्या वस्तू पेरल्या, १९९६-९७ मध्ये ‘डायब्लो’ने त्याला क्लिकचा वेग दिला. ‘डायब्लो २’ मध्ये (२०००) खेळातल्या सोन्याला किंमतच उरली नाही, म्हणून खेळाडूंनी ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ नावाच्या अंगठीचं चलन केलं. मग तिच्याही बनावट प्रती निघाल्या. बाहेरच्या वेबसाइटींवर वस्तू खऱ्या पैशांनी विकल्या जाऊ लागल्या आणि त्यात फसवणूकही सर्रास चाले.

हा चोरबाजार खेळाच्या आतच आणून त्याला शिस्त लावावी, असं पुढच्या भागाच्या निर्मात्यांनी ठरवलं. ‘डायब्लो ३’ १५ मे २०१२ रोजी आला तेव्हा खेळातल्या सोन्याचं ऑक्शन हाऊस (खेळाडूंनी एकमेकांना वस्तू विकायचा बाजार) होतंच, खऱ्या पैशांचं १२ जूनला उघडलं. एका वस्तूला कमाल २५० डॉलर, हत्यार-चिलखताच्या प्रत्येक विक्रीवर एक डॉलर शुल्क, आणि रक्कम खेळाबाहेर काढायची तर १५ टक्के कपात. दक्षिण कोरियात नियामकांच्या आक्षेपामुळे खऱ्या पैशांचा विभाग सुरूच झाला नाही.

पुढे लूटमधली मजा गेली, त्याचं खापर फुटलं ते खऱ्या पैशांवर. ते समजण्यासारखं आहे, पण अर्धवट आहे. घाव सोन्याच्या ऑक्शन हाऊसनेही तेवढाच घातला होता. लाखो खेळाडूंच्या ड्रॉपमधले सर्वोत्तम रोल (नशिबाने वस्तूवर चढलेले आकडे) एका सर्चवर समोर येत. त्यांच्यापुढे आपल्याला मिळालेली वस्तू जवळजवळ नेहमीच फिकी. त्यात ड्रॉप मुळातच दरिद्री. बार्बेरियन या योद्ध्याच्या खास हत्यारावर त्याच्या कामाचा नसलेला इंटेलिजन्स चढलेला असे, आणि लेजंडरी, म्हणजे सर्वांत दुर्मिळ वस्तू, कित्येकदा खालच्या दर्जाच्या चांगल्या पिवळ्या रेअरपेक्षा दुबळं निघे. इन्फर्नो या सर्वांत कठीण पातळीत टिकायचं तर राक्षस मारण्यापेक्षा बाजारात बसणं शहाणपणाचं होतं. ड्रॉप रेट बाजार गृहीत धरूनच कंजूष ठेवले होते का, यावर जुने खेळाडू अजूनही हमरीतुमरीवर येतात. मे २०१३ मध्ये एका पॅचमधल्या बगमुळे सोनं दुप्पट करता येऊ लागलं आणि उरलासुरला विश्वासही उडाला.

बंदची घोषणा सप्टेंबर २०१३ मध्ये झाली, प्रत्यक्ष टाळं १८ मार्च २०१४ ला लागलं. मात्र ‘लूट २.०’ ही नवी लूट-रचना त्याच्या तीन आठवडे आधी, २५ फेब्रुवारीला येऊन गेली होती : वस्तू कमी, आपल्या क्लासला (पात्राच्या प्रकाराला) साजेसे स्टॅट जास्त, आणि बिल्डच (खेळण्याची अख्खी पद्धतच) बदलून टाकणारे लेजंडरी. दोन्ही इतक्या लागोपाठ झाल्यामुळे खेळ कशाने सावरला हे सुटं करून सांगता येत नाही. माझ्या मते श्रेय ‘लूट २.०’ ला जास्त जातं, पण कथा सांगताना ऑक्शन हाऊसचा बळीच रंगवला जातो.

त्याच वेळी झालेल्या आणखी एका निर्णयाकडे मात्र कमी लक्ष गेलं. लेजंडरी आणि सेट (एकत्र घातल्यावर जादा बोनस देणाऱ्या वस्तू) अकाउंटला बांधले गेले. देता येत ते फक्त त्याच पार्टीतल्यांना, तेही दोन तासांत. ट्रेड गेला तसा ड्रॉप सढळ करणं भाग पडलं. पुढच्या काही वर्षांत सेट बोनस हजारो टक्क्यांवर पोचले, लेजंडरींचा पाऊस पडू लागला आणि गिअर (अंगावरची हत्यारं-चिलखतं) म्हणजे खुणा करत जायची यादी झाली.

‘पाथ ऑफ एक्झाइल’ने २०१३ मध्ये उलटी वाट धरली. सोनं नाही, क्राफ्टिंगचे (वस्तूंचे गुण बदलायचे) ऑर्ब हेच चलन. ट्रेड चालू, पण मुद्दाम किचकट : विक्रेत्याला मेसेज टाका, तो ऑनलाइन असला तर भेटा. जमिनीवर इतका कचरा पडे की लूट फिल्टर (नको त्या वस्तू लपवणारी सोय) नसेल तर स्क्रीनच दिसत नसे. ‘लास्ट इपॉक’ने तो फिल्टर खेळातच बसवला आणि २०२४ च्या पूर्ण आवृत्तीत वाद खेळाडूंवरच सोपवला : एक गट निवडला तर ड्रॉप वाढतात, दुसरा निवडला तर बाजार खुला होतो.

‘डायब्लो ४’ (२०२३) मात्र जुन्याच खड्ड्यात पडला. वस्तूंवर बारीक अटींचे अफिक्स : स्तब्ध शत्रूंना इतके टक्के जादा इजा, जवळच्यांना तितकी. एक बूट पारखायला कॅल्क्युलेटर लागे. मे २०२४ च्या चौथ्या सीझनमध्ये लेजंडरीवरचे अफिक्स चारावरून तीनवर आणले, आणि हव्या त्या प्रकारचा गुण चढवायची सोय लोहाराकडे दिली.

ट्रेडमधली अडचणही हळूहळू सैल झाली. जुलै २०२४ मध्ये ‘पाथ ऑफ एक्झाइल’मध्ये चलनाची आपोआप देवाणघेवाण सुरू झाली, शुल्क म्हणून सोनं आलं, पण ते खेळाडूंना एकमेकांना देता येत नाही. २०२५ मध्ये त्याच्या दुसऱ्या भागात विक्रेता ऑफलाइन असतानाही वस्तू थेट विकत घेता येऊ लागली.